व्हॉट्सॲपची सवय आणि कार्यालयीन लेखन : नोकरीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कोल्हापुरात पदवी किंवा डिप्लोमा पूर्ण करून शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात, शिवाजी उद्यमनगरातील लहान युनिटमध्ये अथवा शाहूपुरीतील अडत पेढीवर कामाला लागणाऱ्या मुलामुलींना संगणक येतो, हिशेब येतो, इंग्रजीही बऱ्यापैकी येते; अडचण येते ती पहिला ईमेल लिहिताना. मी एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूचे भाग (कास्टिंग) ओतणाऱ्या कारखान्याच्या, कार्यालयात विक्री आणि डिस्पॅचचा पत्रव्यवहार पाहतो, आणि नव्याने आलेल्यांचे मसुदे तपासण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. त्या मसुद्यांतील दोष व्याकरणाचे फारसे नसतात. ते चॅटच्या सवयीचे असतात.

चॅटला नावे ठेवण्याचा हेतू येथे नाही, कारण आमच्या भागातील निम्मा व्यवहार आज त्यावरच चालतो. फरक एवढाच लक्षात घ्यावा की चॅटमध्ये आपण दोघे बोलत असतो आणि मागचे-पुढचे सगळे दोघांनाही ठाऊक असते, म्हणून अर्धे वाक्य पुरते; कार्यालयीन लेखन मात्र त्या बोलण्यात हजर नसलेला तिसराच माणूस वाचतो. तो अकाउंट्सचा कारकून असेल, ग्राहकाकडील तपासनीस असेल, लेखापरीक्षक असेल किंवा सहा महिन्यांनी तुमच्या खुर्चीवर बसणारा नवा सहकारी असेल. पुढील सर्व सूचना या तिसऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत.

आधी जवळ असाव्यात अशा गोष्टी

- कंपनीचा ईमेल पत्ता आणि त्याखाली नाव, पद, विभाग व दूरध्वनी असलेली स्वाक्षरी. वैयक्तिक पत्त्यावरून ग्राहकाला पत्र पाठवू नये.
- संगणकावर आणि फोनवर युनिकोड मराठी कीबोर्ड.
- लेटरहेडचा कोरा नमुना.
- आवक-जावक नोंदवही कोठे असते आणि जावक क्रमांक कोण देते याची माहिती.
- आपल्या विभागाची मागील काही महिन्यांच्या पत्रव्यवहाराची फाइल.
- ग्राहक व पुरवठादारांकडील संबंधित व्यक्तींची नावे, पदे आणि कोणत्या विषयासाठी कोणाला प्रत द्यायची याची यादी. ही यादी सहसा कोणाकडेच लिहिलेली नसते. ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारून स्वतःच तयार करावी.

१. पहिला आठवडा वाचनात घालवा

रुजू झाल्याबरोबर पत्रे लिहिण्याची घाई करू नका. जुनी फाइल काढून बसा आणि एखाद्या ऑर्डरचा प्रवास चौकशीपासून कोटेशन, खरेदी आदेश, चलन, बिल आणि तक्रारीपर्यंत सलग वाचा. असे वाचताना मधले दुवे कोठे गळाले आहेत ते चटकन दिसते. आठ तारखेच्या पत्रात दर एक असतो, वीस तारखेच्या बिलात दुसरा, आणि मध्ये काय ठरले याचा कागद नसतो, कारण ते कोणाच्या तरी फोनमधील चॅटवर ठरलेले असते. कार्यालयाला लेखी नोंद कशासाठी लागते, हे अशा एका तुटलेल्या दुव्यावरून जितके समजते तितके कोणत्याही प्रशिक्षणात समजत नाही.

२. कोणती गोष्ट कोठे लिहायची ते ठरवा

माझा स्वतःचा नियम असा आहे : ज्या मजकुरात पैसा, माप, तारीख किंवा जबाबदारी यांपैकी काहीही आहे, तो ईमेलवर अथवा पत्रात गेला पाहिजे. ट्रक गेटवर आला, ड्रायव्हरचा नंबर पाठवा, कास्टिंगवर चीर दिसते आहे त्याचा फोटो पाहा, मीटिंग वरच्या हॉलमध्ये आहे, असा मजकूर चॅटवर असावा आणि तेथेच राहावा.

तातडीच्या वेळी चॅटला तोड नाही हेही मान्य केले पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि वाहतूक बंद झाली, तेव्हा कोणती गाडी कोठे थांबली आहे हे ईमेल पाहत बसून कळण्यासारखे नव्हते. परंतु अशा प्रसंगानंतर माल उशिरा पोचल्याबद्दल दंड लावू नये अशी विनंती ग्राहकाला करायची असेल, तर गाडी कधी निघाली, कधी अडली आणि कधी पोचली हे तारखेनिशी पत्रात मांडावे लागते. त्या वेळी केलेले चॅट हा पत्र लिहिण्यासाठीचा कच्चा माल असतो. तोच ग्राहकाकडे पुढे ढकलून चालत नाही.

फोनवर किंवा चॅटवर काही ठरलेच, तर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवावा : “आज दुपारी दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार पुढील बाबी ठरल्या आहेत. यात काही फरक असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे.” अशा ईमेलमुळे ज्येष्ठांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, अशी भीती नव्या मुलांना वाटते. प्रत्यक्षात जुने व्यावसायिक अशा ईमेलचे स्वागतच करतात, कारण त्यांचाही लिहिण्याचा त्रास वाचतो.

३. चॅटमधील मजकूर पूर्ण वाक्यांत आणा

सर्वाधिक सराव येथे लागतो, म्हणून हा टप्पा एका नमुन्यावरून सविस्तर पाहू. नमुना काल्पनिक आहे, पण आमच्या भागात काम केलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. फाउंड्रीतील नवा मुलगा आणि मशीन शॉपचे मालक यांच्यात चॅटवर पुढील बोलणे झाले :

“सर तो परवाचा जॉब रेडी आहे”
“किती”
“४० आहेत, १० राहिलेत”
“कधी”
“४ ला देतो”
“ग्रेड तोच ना”
“हो तोच”
“ओके”

बोलणाऱ्या दोघांना यात काही कमी आहे असे वाटत नाही. तिसऱ्या माणसाच्या नजरेने पाहा. “परवाचा” म्हणजे परवा दिलेला की परवा द्यायचा? “१० राहिलेत” म्हणजे अजून ओतायचे राहिले, की तपासणीत नापास होऊन बाजूला राहिले? “४ ला” म्हणजे चार वाजता की चार तारखेला? “ग्रेड तोच” म्हणजे ड्रॉइंगवर लिहिलेला, की मागच्या लॉटमध्ये तडजोड म्हणून चालवून घेतलेला? आणि शेवटचे “ओके” नेमके कशाला होते : अर्धवट माल पाठवण्याला, तारखेला, की नुसते “वाचले” या अर्थाचे? बिल करणारा कारकून यातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्या अंदाजाने देईल, आणि त्याचा अंदाज चुकला तर दोष त्याला देता येणार नाही.

हाच मजकूर ईमेलमध्ये असा लिहावा :

“विषय : पंप बॉडी कास्टिंग, खरेदी आदेश क्र. ११८ – ४० नग तयार, १० नग प्रलंबित

महोदय,

आपल्या खरेदी आदेश क्र. ११८ मधील ५० नगांपैकी ४० नग तपासणी होऊन तयार आहेत. उर्वरित १० नगांत फेटलिंगनंतर ब्लो होल आढळल्याने ते बाजूला काढले असून त्यांच्या जागी नव्याने ओतकाम करावे लागणार आहे. तयार असलेले ४० नग शुक्रवार, दि. ४ रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत चलनासह आपल्या शिरोली येथील युनिटला पोचवू; राहिलेले १० नग शुक्रवार, दि. ११ पर्यंत देता येतील. सर्व नग ड्रॉइंगच्या रिव्हिजन ३ प्रमाणे, एफजी २६० ग्रेडचे असतील.

तयार नग आधी पाठवावेत की पन्नासही नग एकत्र पाठवावेत, हे कृपया बुधवार, दि. २ पर्यंत कळवावे.”

(फेटलिंग म्हणजे ओतलेल्या नगाची साफसफाई, ब्लो होल म्हणजे ओतताना वायूमुळे नगात राहिलेले छिद्र, आणि एफजी २६० हा बिडाचा एक ग्रेड.) येथे भाषा अवघड झालेली नाही, हे पाहण्यासारखे आहे. वाक्ये पूर्ण आहेत, तारखेसोबत वार आहे, “तो” आणि “तोच” यांच्या जागी वस्तूचे नाव आले आहे, आणि उत्तर कोणत्या प्रश्नाचे व कधीपर्यंत हवे ते शेवटी स्वतंत्र परिच्छेदात मांडले आहे. चॅटमध्ये दहा नग का राहिले याचे कारण कोणी विचारलेच नव्हते, म्हणून कोणी सांगितलेही नाही. पूर्ण वाक्य लिहायला बसल्यावर कारण लिहिणे भाग पडले. नको असलेली बातमी तुकड्यांत लपवता येते, वाक्यात ती लपत नाही, आणि नवी मुले चॅटला चिकटून राहतात त्याचे हेही एक कारण असावे असा माझा संशय आहे.

सरावासाठी आठवडाभर रोज आपल्या एका चॅटचा असा मसुदा करून ज्येष्ठांना दाखवावा. “तो, ती, ते, तिकडे, मघाशी, नंतर” हे शब्द मसुद्यात अधोरेखित केले की काम कोठे बाकी आहे ते आपोआप दिसते.

४. विषयाची ओळ

“अर्जंट”, “हाय” किंवा “माहिती” असा विषय लिहू नये. वस्तू, आदेश किंवा बिलाचा क्रमांक आणि सध्याची स्थिती एवढे पुरेसे आहे. विषय बदलला तर जुन्याच ईमेलला उत्तर देत न राहता नवा ईमेल सुरू करावा. फेब्रुवारीच्या कोटेशनखाली जुलैची तक्रार लिहिलेली मी पाहिली आहे, आणि ती शोधताना दोन विभागांची दुपार गेली होती.

५. संबोधन आणि स्वर सांभाळा

शॉप फ्लोअरवर सुपरवायझर “अण्णा” असतात, बरोबरीचा सहकारी “भावा” असतो आणि मालक “साहेब” किंवा “दादा” असतात. बोलताना हे तसेच राहू द्यावे. त्यात कोल्हापूरची आपुलकी आहे. लिहिताना मात्र “महोदय/महोदया” किंवा “मा. पाटील साहेब” असे आडनावासह संबोधन वापरावे. “भावा, तेवढं बिल बघ की” हा मजकूर चहाच्या टपरीवर प्रेमाचा असतो, पण ग्राहकाच्या मुंबई कार्यालयात पुढे ढकलला गेला की त्याचा अर्थ निराळाच लागतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. “आपला आज्ञाधारक”, “चरणी नम्र विनंती” अशी भाषा खरेदी विभागाला लिहिण्याची गरज नाही. “पाठव” आणि “पाठवावे ही नम्र विनंती” यांच्यामध्ये “कृपया पाठवावे” असा सरळ मार्ग आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच शोभतो.

स्वराचा घोटाळा दोन पिढ्यांमध्ये विशेष होतो. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पूर्णविराम दिलेले एका शब्दाचे मेसेज-उत्तर कमी मनापासूनचे वाटले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले तेव्हा पूर्णविरामाने असा फरक पडला नाही. आपल्याकडेही वेगळे नाही. साहेबांनी “ठीक आहे.” असे लिहिले की नव्या मुलाला ते रागावले असे वाटते, आणि त्याच मुलाने नमस्कार न घालता “बिल मिळाले नाही अजून” असे लिहिले की साहेबांना तो उर्मट वाटतो. ईमेलमध्ये पूर्णविरामाला घाबरू नये आणि पहिल्या ओळीतील नमस्कार गाळू नये.

६. पोच द्या, पण नुसत्या अंगठ्याने नको

निरोप मिळाल्याची पोच देणे ही चॅटने लावलेली चांगली सवय आहे. धोका आहे तो पोच आणि मान्यता यांच्यातील फरक पुसला जाण्याचा. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदीदार कंपनीने २०२१ मध्ये जवस खरेदीच्या कराराचा फोटो शेतकऱ्याच्या फोनवर पाठवून करार मान्य असल्याचे कळवण्यास सांगितले आणि शेतकऱ्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले. माल पोचला नाही तेव्हा कंपनी न्यायालयात गेली. करार मिळाला एवढेच आपल्याला सांगायचे होते, असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. पण २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा ही करारास मान्यता धरली आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. त्या दोघांमध्ये पूर्वीचे व्यवहारही अशाच छोट्या उत्तरांवर झाले होते, ही बाब न्यायालयाने लक्षात घेतली. निकाल परदेशातील आहे आणि आपल्याकडील न्यायालयांना तो बंधनकारक नाही. मात्र “नेहमी असेच चालते” हे वाक्य आपल्या बाजारातही रोज ऐकू येते.

म्हणून पोच देताना ती कशाची आहे हे लिहावे : “कोटेशन मिळाले. दर तपासून गुरुवारपर्यंत कळवतो.” समोरून अंगठा आला तर तो होकार समजून काम सुरू करू नये. निळ्या टिकांबाबतही हेच. त्या दिसल्या म्हणजे मेसेज उघडला गेला, यापलीकडे त्यांना अर्थ नाही.

७. ग्रुपमध्ये लिहिताना

येथील सापळे बहुतेकांना ऐकून माहीत असतात, तरी लोक त्यांत अडकतात.

- एका ग्राहकाचा दर दुसऱ्या ग्राहकाच्या ग्रुपवर जाणे. पाठवण्याआधी ग्रुपचे नाव मोठ्याने वाचावे. व्हॉट्सॲपवर मेसेज सर्वांसाठी काढून टाकता येतो, पण तोवर तो कोणी वाचला असेल तर उपयोग नाही.
- “कोणीतरी बघा” असे लिहिणे. वीस जणांच्या ग्रुपमध्ये “कोणीतरी” नावाचा माणूस नसतो. ज्याने करायचे त्याचे नाव घालावे.
- ड्रॉइंगचा फोटो टाकणे. फोटो म्हणून पाठवल्यावर त्याचा दर्जा उतरतो आणि बारीक आकड्यांत ३ आणि ८ सारखेच दिसू लागतात. एका कारखान्यात यामुळे भोकाचे माप चुकून अख्खा लॉट भट्टीत परत गेल्याचे मला ठाऊक आहे. ड्रॉइंग नेहमी डॉक्युमेंट म्हणून, रिव्हिजन क्रमांकासह आणि शक्यतो ईमेलने पाठवावे.
- पाठवलेला मेसेज गुपचूप दुरुस्त करणे. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून पंधरा मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो. शुद्धलेखन खुशाल सुधारावे. आकडा बदलायचा असेल तर “दुरुस्ती” असे लिहून नवा मेसेज टाकावा, कारण जुना आकडा वाचून कोणीतरी आधीच मशीनवर गेलेला असू शकतो.

रात्री दहानंतर ग्रुपवर कामाचे लिहू नये, ही माझी वैयक्तिक विनंती समजावी.

८. लिपी आणि टंकलेखन

मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय कार्यालयात सोडावी. त्या लिपीत दर आणि दार सारखेच दिसू शकतात, आणि फाइलमध्ये नंतर शोध घेताना प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे असल्याने काहीच सापडत नाही. एक तर देवनागरीत नीट मराठी लिहावे किंवा सरळ इंग्रजी. बाहेरच्या राज्यांतील ग्राहकांना इंग्रजीत लिहावे लागणारच. स्थानिक पुरवठादारांना मराठीत लिहिलेले अधिक चांगले समजते. राज्य शासनाच्या किंवा महानगरपालिकेच्या कार्यालयाला अर्ज करताना मराठीच वापरावी आणि विषय, संदर्भ, मजकूर, सोबत जोडलेली कागदपत्रे हा क्रम पाळावा. अर्ज हाती देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

बोलून टाइप करण्याची सोय उपयोगी आहे, पण आकडे, आडनावे आणि “आहे-नाही” स्वतः तपासावेत. जुन्या संगणकावर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसरीकडे उघडल्यास मजकुराऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात, म्हणून ती पाठवण्यापूर्वी पीडीएफ करून घ्यावी.

९. नोंद जपून ठेवा

फोन हरवतो, बदलतो, किंवा ज्याच्या फोनवर सगळे चॅट आहे तो माणूसच नोकरी सोडतो. काही जण मेसेज २४ तासांनी, ७ किंवा ९० दिवसांनी आपोआप नाहीसे होतील अशी सोय चालू करून ठेवतात. कामाच्या चॅटवर ती बंद आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे. महत्त्वाचे चॅट “एक्स्पोर्ट” करून ऑर्डरच्या फोल्डरमध्ये ठेवावे आणि फाइलच्या नावात तारीख, ग्राहक आणि खरेदी आदेशाचा क्रमांक घालावा.

स्क्रीनशॉट काढला म्हणजे पुरावा झाला, असा समज सर्वत्र आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला असून त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, ज्यात ती नोंद कोणत्या उपकरणातून घेतली याचा तपशील असतो. त्यामुळे वादाची शक्यता दिसताच मूळ फोन आणि मूळ चॅट तसेच ठेवून वरिष्ठांना कळवावे. स्क्रीनशॉट घेऊन मूळ चॅट पुसून टाकू नये.

ग्राहकांची ड्रॉइंग आणि दरपत्रके स्वतःच्या फोनमध्ये साठवण्यापूर्वी कंपनीचा त्याबाबत काय नियम आहे ते विचारावे. नोकरी सोडताना ही कागदपत्रे विभागाच्या फोल्डरमध्ये जमा करावीत, प्रलंबित विषयांची यादी पूर्ण वाक्यांत लिहून पुढील माणसाकडे द्यावी, त्याला ग्राहकांच्या ग्रुपमध्ये घेण्यास सांगावे आणि मगच स्वतः त्या ग्रुपमधून बाहेर पडावे.